ज्ञानगंगा घरी आली, तळ्याचे काय?

१

दलित साहित्याच्या समीक्षेत वेदना, नकार आणि विद्रोह या शब्दांची पुष्कळ चर्चा झाली. त्या मानाने विद्यापीठांच्या दप्तरातल्या एका शब्दाकडे आपल्या समीक्षकांचे लक्ष गेले नाही. तो शब्द म्हणजे 'बहिःस्थ'. नोकरी करीत, वर्गात न बसता, बाहेरून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला पुणे विद्यापीठात वर्षानुवर्षे या नावाने ओळखले जात होते. गावकुसाबाहेर जन्मलेला एखादा माणूस तालुक्याच्या कचेरीत कारकून झाला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झाला, पोटाला चिमटा घेऊन त्याने एम. ए.चा अर्ज भरला, आणि विद्यापीठाने त्याच्या नावापुढे पुन्हा 'बाहेरचा' असेच लिहिले. शब्द योजणाऱ्यांच्या मनात जात नव्हती हे मान्य करू. परंतु शब्दाचा अर्थ तो योजणाऱ्याच्या मनावर अवलंबून नसतो, तो ज्याच्या कपाळी येतो त्याच्या इतिहासावरही अवलंबून असतो.

पुढे शब्द बदलत गेले. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे ऑनलाइन व्यासपीठ आले. २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नवे विनियम काढले, आणि मान्यताप्राप्त संस्थेने या मार्गाने दिलेली पदवी वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असे त्यांत लिहिले. बहिःस्थ, पत्रद्वारा, दूरस्थ, मुक्त, ऑनलाइन अशी ही नावांची चढण आहे. तीतून बाहेरचा माणूस खरोखर आत आला काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. हा प्रश्न शिक्षणखात्याचा आहे तितकाच साहित्याचाही आहे, कारण आपले साहित्य ज्या जागांतून जन्मले त्या जागांशी तो बांधलेला आहे.

२

मुक्त विद्यापीठाचे ब्रीदवाक्य आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. वाक्य चांगल्या हेतूचे आहे आणि त्यामागे काम उभे आहे. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळापासून या विद्यापीठाने मराठीतून, स्वतः वाचून समजावीत अशी पाठ्यपुस्तके तयार केली. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी 'पूर्वतयारी'चा शिक्षणक्रम काढून पदवीची वाट मोकळी केली. गवंडीकाम करणारा, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, लग्नानंतर शिक्षण सुटलेली बाई अशी माणसे या वाटेने पदवीधर झाली. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

परंतु समीक्षेला ब्रीदवाक्याचीही चिकित्सा करावी लागते. गंगा घरी येते ही प्रतिमा कृपेची आहे. घरात बसलेल्याने ओंजळ पुढे करायची, आणि पाणी किती, केव्हा व कोणते सोडायचे हे सोडणाऱ्याने ठरवायचे. आपल्या परंपरेत पाण्याची दुसरी प्रतिमा आहे, आणि ती भोरपासून फार दूर नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९२३ मध्ये, मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला होता. हक्क कागदावर आलेला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले, त्यानंतर लोकांना मार खावा लागला, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. महाडला जमलेल्यांची मागणी पाणी घरपोच करा अशी नव्हती. तहान भागवण्यापुरते पाणी दुसरीकडूनही मिळाले असते. त्यांना तळ्यावर जायचे होते, चारचौघांच्या पाणवठ्यावर चारचौघांसारखे उभे राहायचे होते.

ऑनलाइन पदवीकडे या दोन प्रतिमांच्या मधून पाहिले पाहिजे. तिने पाणी घरी आणले. तळ्यावर उभे राहण्याचा प्रश्न मात्र तिने सोडवला नाही, तो नजरेआड केला.

३

हे हवेत बोलणे होऊ नये म्हणून भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातले दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवू. वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. २०११ च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती, आणि तो जिल्ह्यातला सर्वांत लहान लोकवस्तीचा तालुका होता. दोन्ही तालुके डोंगरी, मोठ्या पावसाचे आणि धरणांचे. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला जाते. पानशेत-वरसगावचे पाणी पुण्याच्या नळाला जाते. पाणी अडवले इथे, रान भिजले तिथे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे मांडले त्याचा गाभा हाच होता: कराचा पैसा रयतेच्या घामाचा, आणि त्यावर उभे राहणारे उच्च शिक्षण वरच्या वर्गाच्या पदरात. धरणाला आणि विद्यापीठाला एकच न्याय लागू पडावा हा योगायोग नव्हे.

या तालुक्यांतल्या बौद्ध वस्तीवरचा, मातंग वस्तीवरचा, कातकरी वाडीवरचा मुलगा बारावीनंतर कुठे जातो? पुणे-सातारा महामार्ग त्याला ओढून घेतो. नसरापूर, कापूरहोळ, खेड-शिवापूर, नदीपलीकडे शिरवळ इथल्या कारखान्यांत, गोदामांत, हॉटेलांत तो कंत्राटदाराच्या हजेरीवर लागतो. पाळी आठवड्याला बदलते. सुट्टी घेतली की रोज बुडतो. एस. टी. चुकली तर वडापाला लोंबकळायचे. अशा माणसाला सकाळी दहा ते पाच भरणारे महाविद्यालय उपयोगाचे नाही, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ नको. तो पदवीचा, आणि पदवी झाली तर एम. ए., एम. कॉम.चा अर्ज मोबाईलवरून भरतो. फी हप्त्याने किंवा उसनवारीने भरतो. पुस्तकाची फाईल मोबाईलवर उतरवून घेतो. व्याख्यान कारखान्याच्या बसमध्ये कानात बोंडे घालून ऐकतो. डोंगराच्या आडोशाला रेंज गेली की व्याख्यान तुटते, पावसाळ्यात वीज गेली की मोबाईल बंद पडतो.

हे सर्व तो सोसतो, आणि त्याच्या चिकाटीचे कौतुक वर्तमानपत्रे करतात. परंतु त्याला काय मिळत नाही याची यादी कोणी करीत नाही. त्याला शिक्षकाशी वाद घालायला मिळत नाही. ग्रंथालयात एका पुस्तकाच्या शेजारी दुसरे पुस्तक अवचित हाती लागण्याचे सुख मिळत नाही. आपल्यासारखाच दुसऱ्या तालुक्यातला मुलगा बाकावर शेजारी भेटत नाही. वसतिगृहे आणि त्यांच्या सवलती नियमित विद्यार्थ्याच्या मापाने बेतलेल्या असतात. संपर्कसत्राचा रविवार त्याच्या जादा पाळीचाही रविवार असतो. स्वाध्याय लिहायला कोणी शिकवत नाही, आणि सोडवलेले स्वाध्याय बाजारात विकत मिळतात. मग तो विकतचे उतरवून पाठवतो. दोष त्याला देणे सोपे आहे. ज्या व्यवस्थेत त्याचे लिहिलेले वाचून उलट प्रश्न विचारणारे कोणी नाही, तिथे त्याने मनापासून लिहावे तरी कोणासाठी?

भाषेचा अडसर वेगळाच. 'स्वयम्'वरचे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ते खुले आहेत म्हणजे ठरावाने खुल्या झालेल्या तळ्यासारखे खुले आहेत.

४

यावर कोणी म्हणेल, कष्टकऱ्याला शिकायचे तर अशी तडजोड करावीच लागणार. आपला इतिहास मात्र तसे सांगत नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्यांसाठी त्यांनी वेळ बदलली; पण दिव्याभोवती एकत्र बसणे तसेच ठेवले. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथले वर्ग सकाळी भरत, म्हणजे विद्यार्थी वर्ग आटोपून दिवसाच्या नोकरीवर जाऊ शके. नोकरी करून शिकणाऱ्याची अडचण बाबासाहेबांना पुस्तकातून कळलेली नव्हती. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. त्यांनाही बाहेरून, पुस्तके मागवून बरेच काही करता आले असते. ते गेले, कारण ग्रंथालयात बसणे आणि विद्वानांशी समोरासमोर भिडणे याचे मोल त्यांना ठाऊक होते.

सिद्धार्थची योजना बारकाईने पाहावी. नोकरदार विद्यार्थ्यासाठी बाबासाहेबांनी घड्याळाचा काटा हलवला. वर्ग, ग्रंथालय, वादसभा यांतले काही कमी केले नाही. १९५० मध्ये औरंगाबादला सुरू झालेल्या त्यांच्या महाविद्यालयाने, म्हणजे पुढच्या मिलिंदने, मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुले नागसेनवनात एकत्र आणली. त्या एकत्र राहण्यातून, खोल्यांतल्या वाचनातून, रात्रीच्या वादांतून दलित साहित्याची एक मोठी फळी उभी राहिली आणि त्याच परिसरात 'अस्मितादर्श' निघाले. तिथले लेखक पदवीमुळे लेखक झाले असे कोणी म्हणणार नाही. ते एकमेकांमुळे लेखक झाले. बाबासाहेबांच्या संदेशात शिकण्याला लागूनच संघटित होण्याचा शब्द येतो. ज्या शिक्षणात दोन माणसे भेटतच नाहीत त्या शिक्षणात पहिल्या शब्दाकडून दुसऱ्याकडे जाणारा पूलच तोडलेला असतो.

५

आता साहित्याकडे वळू. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) संगमनेरचे बोर्डिंग आहे, प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'मध्ये (१९७९) शिक्षणासाठी एका दारातून दुसऱ्या दारात झालेली वणवण आहे. या आत्मकथनांतले शिक्षण नेहमी कुठल्या तरी जागेत घडते. त्या जागेत अपमान असतो, भूक असते, आणि मैत्रीही असते. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई झाले, पुढे पालिकेच्या शाळेत शिक्षक झाले, आणि आपल्या संग्रहाला १९६६ मध्ये 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले. ते विद्यापीठ माणसांनी गजबजलेले होते. कामगाराला कामाच्या जागी, रस्त्यावर, सभेत जे कळते त्याला ज्ञानाचा दर्जा आहे, असा त्या नावातला दावा होता. आजचा ऑनलाइन अभ्यासक्रम काम करणाऱ्याला प्रवेश देतो, पण त्याच्या कामाला प्रवेश देत नाही. शिरवळच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला समाजशास्त्राच्या एम. ए.त 'असंघटित कामगार' हे प्रकरण वाचावे लागते. त्या प्रकरणाविषयी त्याला स्वतःला काय ठाऊक आहे, हे कोणी विचारत नाही.

घरी बसून शिकण्याचा प्रश्न बाईच्या बाजूने पाहिला की तो अधिक टोकदार होतो. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. समीक्षकांनी त्यातले कोकण, आईचे बुरूडकाम, जात आणि बाईपण यांवर लिहिले. परंतु सरकारी नोकरी करणारी, मुले वाढवणारी बाई एम. ए. करते तेव्हा घरात काय होते, ही त्यातली हकिकत शिक्षणविषयक दस्तऐवज म्हणून फारशी वाचली गेली नाही. शिकणे, लिहिणे, सभांना जाणे यांवरून घरात उडणारे खटके त्या लपवत नाहीत. विरोध करणारा नवरा शिकलेला आहे, त्याच समाजातला आहे, वाईट माणूस नाही. एवढ्यावरून कळते की घर ही तटस्थ जागा नाही. 'घरोघरी' म्हणताना कोणाचे घर, आणि त्या घरात कोणाला बसायला कोपरा मिळतो, हे विचारले पाहिजे. महाविद्यालयात गेलेली बाई निदान तेवढे तास घराबाहेर असते, त्या वेळेवर तिचे नाव असते. मोबाईलवर शिकणाऱ्या बाईला चुलीपासून हलण्याची सवलतही राहत नाही. ती शिकतेही आहे आणि घरातच आहे, म्हणून तिचे शिकणे कोणाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाला घरात वेळ मिळत नाही. वेल्ह्याच्या वाडीवर जिथे घरात एकच चांगला मोबाईल असतो, तिथे तो आधी कोणाच्या हातात जातो हे सांगायला हवे काय?

दुसरे पुस्तक कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१). संस्कृतात एम. ए. झालेल्या या लेखिकेला पदवी असूनही नोकरीसाठी झगडावे लागले. आणि नोकरी मिळाली ती आंतरजातीय विवाहाने आडनाव बदलल्यावर, याचा सल त्यांनी उघड मांडला आहे. त्यांची पदवी तर वर्गात बसून घेतलेली होती. २०२० च्या विनियमाने ऑनलाइन पदवीला समान ठरवले हे ठीक. पण मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस आडनाव वाचतो, गाव विचारतो आणि मग 'पदवी कुठून केली?' असे विचारतो. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात 'मुक्त' हा शब्द आला की पहिल्या दोन उत्तरांना जोर चढतो. 'यांच्या पदव्या अशाच' हे म्हणायला त्याला नवे निमित्त मिळते. जुन्या अस्पृश्यतेने माणसाला दूर बसवले. आता दूर बसून मिळवलेली पदवीच त्याच्या विरुद्ध पुरावा होऊ पाहते.

आणि साहित्याचा एक प्रश्न उरतो. बोर्डिंगचे आत्मकथन झाले, वसतिगृहाचे झाले, झोपडपट्टीचे झाले. बसमध्ये व्याख्यान ऐकून एम. ए. झालेल्याचे आत्मकथन कोण लिहील? ते लिहिले जाईल तेव्हा त्यात माणसे किती असतील? आपल्या समीक्षेची सवय अशी, की 'प्रतिकूल परिस्थितीत लेखक पदवीधर झाला' एवढे वाक्य लिहून पदवीला शेवट मानायचे. पदवीपर्यंतच्या वाटेवर कोण भेटले आणि कोण भेटले नाही, हे विचारणारी समीक्षा आता करावी लागेल.

६

एक आक्षेप इथे घेतला जाईल, आणि तो वजनाचा आहे. वर्ग म्हटला की आपल्या माणसाला तो नेहमीच मैत्रीचा नव्हता. शेवटचे बाक, हजेरीला आडनावावर थबकणारी नजर, तोंडी परीक्षेतले टोमणे, वसतिगृहातला वेगळा ग्लास, हे सगळे त्याच वर्गाने दिले. हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलाने जानेवारी २०१६ मध्ये, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पायल तडवीने मे २०१९ मध्ये प्राण दिले. त्या जागा दूरस्थ नव्हत्या. तेव्हा कोणी घरातून, नजरेच्या जाचाबाहेर राहून शिकू पाहत असेल तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पडद्यावर आडनाव दिसत नाही, स्पर्श होत नाही, हा दिलासा खरा आहे.

परंतु विटाळ मानणाऱ्यांनी पाणवठा नासवला म्हणून आपण पाणवठा सोडला नाही. जाच होतो म्हणून वर्गातून निघून जाण्याची सोय करणे हा जाच करणाऱ्याला दिलेला निकाल आहे. ज्याला बाहेरून शिकायचे त्याने जरूर शिकावे. मात्र 'तुम्हांला घरबसल्या सोय केली आहे' असे सांगून उद्या तालुक्याचे महाविद्यालय, त्यातली अनुदानित शिक्षकाची जागा, वसतिगृह, ग्रंथालय यांवरचा खर्च कापला जाणार असेल तर त्या सोयीला विरोध करावा लागेल. शहरातल्या सुखवस्तूंच्या मुलांना हिरवळीची विद्यापीठे आणि डोंगरातल्या कामकऱ्याला मोबाईलवरची फाईल, ही वाटणी नव्या चातुर्वर्ण्याची आहे.

७

म्हणून मागणी घर सोडून तळ्याकडे जाण्याची असली पाहिजे, आणि ती भोर-वेल्ह्यापासून सुरू करता येईल इतकी साधी आहे. गावोगावच्या विहारांत आणि समाजमंदिरांत जागा आहे. तिथे संध्याकाळी दिवा, दोन टेबले, वीज गेली तरी चालणारे इंटरनेट आणि अभ्यासाची पुस्तके ठेवावीत. तिथे बाईला ठरलेले तास असावेत, तेवढे तास ती 'कॉलेजला गेली आहे' असे घराने मानावे. आठवड्यातून एकदा दूरस्थ शिकणाऱ्यांनी एकत्र बसून आपले स्वाध्याय एकमेकांना वाचून दाखवावेत. विकतचा स्वाध्याय चारचौघांत वाचवत नाही. तालुक्यातल्या पदवीधर शिक्षकांनी पाळीपाळीने तिथे यावे. विद्यापीठांनी संपर्कसत्रे कारखान्यांच्या पाळ्या पाहून लावावीत. कंत्राटी कामगाराला परीक्षेच्या दिवसांची पगारी रजा मिळावी, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घालावी. आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमातले किमान एक काम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाविषयी, गावाविषयी, धरणाखाली गेलेल्या जमिनीविषयी असावे, म्हणजे भाटघरच्या पाण्याचा हिशेब त्या पाण्याकाठचाच कोणीतरी मांडील.

यातले बरेचसे सरकारवाचून होण्यासारखे आहे, आणि जे सरकारने करायचे ते मागितल्यावाचून होणार नाही. ऑनलाइन पदवी हे साधन आहे. ते हाती घेऊन एकेकट्याने नोकरीच्या रांगेत उभे राहायचे, की ते घेऊन चारजणांनी एका दिव्याभोवती बसायचे, हे ठरवायचे आहे. १९२४ चा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात होता. १९२७ मध्ये माणसे तळ्यावर गेली तेव्हा त्याला अर्थ आला. २०२० चा विनियमही आज दप्तरात आहे.